चोकची मूठ

देवळाली कॅम्पच्या लिलावात ती वजनावर गेली.
कागदावर नुसतं ‘वाहन, नग एक’.
सातपूरला ओढून आणली तेव्हा
रेडिएटरच्या जाळीत चिमणीचं घरटं होतं
आणि टूलबॉक्समध्ये कुणा जवानाचा कंगवा,
तीन दात पडलेला.

सहा सिलेंडर पेट्रोलचे. लिटरला तीन किलोमीटर,
तेही उतार असला तर.
इद्रीसभाई म्हणाले, हे इंजिन नाही, भिशी आहे,
भरायची आपण, उचलायची पंपवाल्याने.

गिरणाऱ्याच्या थेट्यांना मागे यारी बसवायची होती,
विहिरीतला दगड वर काढायला.
डिझेल हवं, म्हणाले. कुठलंही. पण डिझेल.

द्वारकेमागच्या भंगारात चारशे सातचं मिळालं,
दुधाच्या गाडीतून निघालेलं.
हेड उघडलं तरी हाताला आंबूस वास येतोय
असं मला आठवडाभर वाटत राहिलं.

मी लेथवर. माझ्या वाटणीला प्लेट आली,
सोळा मिलिमीटर जाड,
या अंगाने टाटाची भोकं, त्या अंगाने जपानची.
दोन्हीकडच्यांना एकमेकांची भाषा येत नाही
अशा सोयरिकीत मधला माणूस जसा घाम पुसतो
तशी मी पायलट बुश तीनदा फिरवला.
डायल गेजचा काटा थरथरायचा थांबला
तेव्हा चहा केव्हाच गार झाला होता.

सम्प पुढच्या डिफरेन्शियलवर टेकत होता.
कापला, उथळ केला, वेल्ड मारला,
रात्रभर रॉकेल भरून ठेवला वर्तमानपत्रावर.
सकाळी पेपर कोरडा.
इद्रीसभाईंनी तोच उचलून वाचायला घेतला.

बोराडे रोज यायचे भगूरहून, दोन बस बदलून.
पुंजाराम बोराडे, रिटायर हवालदार, ड्रायव्हर.
उलट्या ड्रमवर बसायचे. सल्ला कधी दिला नाही.
जुनं इंजिन चेनपुलीवर लोंबकळत बाहेर आलं
त्या दुपारी मात्र उठून उभे राहिले,
तळवे विजारीच्या शिवणीला चिकटलेले.
‘ही नव्हे,’ म्हणाले, ‘माझीचा नंबर वेगळा होता.
पण खोकायची अशीच.’

मग सांगितलं, कुठल्या डोंगरावर ते न सांगता,
की पहाटे चोक अर्धा ओढायचा, पुन्हा आत,
मग पूर्ण.
एकदम ओढला तर ठसका लागतो तिला.
मागे एकवीस माणसं झोपलेली असायची.

डिझेलला चोक नसतो.
डॅशबोर्डवरची मूठ काढून भोक बुजवायचं ठरलं.
पण हे जुनं डिझेल चावी काढून थांबत नाही,
त्याचा घास तोडावा लागतो, एक वायर ओढून.
त्या वायरला मूठ लागते.
मी कुणाला विचारलं नाही.
तीच लावली, पितळेची, मधोमध झिजलेली.

रविवारी स्टेअरिंगवर बोराड्यांना बसवलं.
हात आपसूक गेला.
अर्धी, आत, मग पूर्ण.
स्टार्टर फिरतोय, फिरतोय, इंजिन मुकं.
‘अहो काका, आत ढकला! आत!’
इद्रीसभाई ओरडले, मी हसले, मग हसू आवरलं.
त्यांनी मुठीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे,
आणि अंगठ्याने ती आत सारली.

काळा धूर, मग राखाडी, मग नुसता आवाज,
दणकट, गावंढळ, चारजणांनी एकदम उखळात घातल्यासारखा.
त्र्यंबक रोडने पेगलवाडीपर्यंत गेलो आणि आलो.
बोनेट नीट बसत नव्हतं, दोरीने बांधलेलं.

परत आल्यावर अंगणात थांबवली त्यांनी.
मूठ अर्धी ओढली. इंजिन चाचरलं.
पुन्हा आत. सावरलं.
मग पूर्ण, अगदी सावकाश,
जणू मागे अजून कुणी झोपलंय.

थेटे खिडकीशी येऊन विचारत होते, अ‍ॅव्हरेज किती?
बोराडे उतरले नव्हते अजून.
इद्रीसभाई म्हणाले, मालक, दोन मिनिटं,
बोनेटची दोरी सोडतोय.