तिथीची पाऊणपट

सरकारी वकिलांचा सगळा भर चांदण्यावर होता.
वैशाख शुद्ध त्रयोदशी, रात्रीचे साडेदहा,
उजेड इतका की काठावर खेकड्याची चाल दिसावी.
साक्षीदार क्रमांक चार, काशीराम पावसकर,
पूर्णगडची खाडी उतरून चालत येत होता,
तेव्हा त्याने पाहिलं:
सोनू तारीने कोयता उचलला,
उमेश जुवाटकर खाली बसला.
'पडला' नाही म्हणाला. 'बसला' म्हणाला.
खोटं बोलणाऱ्याला असा शब्द सुचत नाही,
हे मी वहीत लिहिलं
आणि वही मिटली.

आमचे खेडेकरवकील सांगायचे,
भिंत पाडायला जाऊ नकोस, जांभ्याची असते,
चिऱ्याला भोकं जन्मतःच असतात.
पाझर कुठे आहे तेवढं दाखव.

दाखवला.
कोयत्याच्या पाकिटावरची लाख फुटलेली.
नमुने कोल्हापूरला निघाले एकोणीस दिवसांनी,
तोवर ठाण्याच्या कपाटात, कुणाच्या तरी छत्रीशेजारी.
एका पंचाला सही कशावर केली ते आठवेना,
दुसऱ्याला नको तितकं आठवत होतं.
रक्त बी गटाचं. सोनूचंही बी,
आणि माझंही.

एवढ्याने ओल येते, भिंत हलत नाही.
पाणी होतं खाडीतच.

उलटतपासात मी विचारलं,
लुंगी कुठवर भिजली होती?
'भिजली न्हाय. पानी घोट्याइतका होता.'
घोट्याइतकंच?
'घोट्याइतकाच.'
तिसऱ्यांदा विचारायचं नसतं.

आमच्याकडे पोरांना हे पाढ्यांआधी येतं:
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
तेरा पाऊण, पावणेदहा.
पावणेदहाला खाडी काठोकाठ,
साडेदहाला नुकती कुठे मागे वळू लागलेली,
त्या उतारावर दोन पुरुष पाणी.
न्यायाधीश परभणीचे, खाडी त्यांना पुलावरून ठाऊक.
बंदर खात्याचं वेळापत्रक, निशाणी सत्तेचाळीस,
त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
आठ महिने कोर्टात टांगलेला तो चंद्र
पाणीसुद्धा चढवतो,
हे सरकारी वकिलांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.
फायदा. बाजारातला शब्द,
निकालपत्रात टाईप केलेला.

खाली पायरीवर उमेशची आई बसली होती,
चप्पल उलटी करून झाडत.
मी वळसा घालून जाणार होते.
'बाई,' ती म्हणाली, 'पाणी तुम्ही बराबर मांडलंत.
आमचे हे पण तसंच मोजायचे.
पण काशीराम चालत कुठे आला? होडीने आला.'

रागाने नाही म्हणाली.
एसटी किती वाजता आहे, तशी म्हणाली.

होडी रेतीची. चोरटी रेती भरून
अशाच भरतीवर काठाला लागतात.
होडी कुणाची ते बोलला असता,
तर काशीरामला त्या गावात घर उरलं नसतं.
पाय भिजले नाहीत, हे त्याचं खरंच होतं.

माझं माहेर गावखडीचं.
भरल्या खाडीत रात्री माणूस कशासाठी असतो
ते मला पहिल्या तारखेपासून माहीत होतं.
पाण्यात नव्हतास तर कशावर होतास?
हा प्रश्न वहीत होता.
त्याच्यावर रेघ माझ्या हातची.
दुसऱ्याच्या भिंतीला गिलावा करणं माझं काम नाही,
असं मी तेव्हा म्हणाले. आजही कुणी विचारलं
तर तेच म्हणेन.

आठवड्याने सोनू तारी आला,
टोपलीभर तिसऱ्या घेऊन.
फी पूर्ण दिली होती, हे वरचं.
दारातच उभा राहिला, घोटे खाजवत.
मी विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या,
ठेवाव्याच लागतात.
सकाळी पातेल्याच्या तळाशी
बोटभर रेती.