सावदा रोड, पहाटे

फिरके मॅडम म्हणाल्या, फक्त दुसऱ्या खांबापर्यंत.
मी खांब नाही, गुडघा मोजत निघतो:
आत चार स्क्रू, आणि एक उसनी शीर,
माझ्याच मांडीतून घेतलेली.

डावीकडे केळीचा मळा.
घड लागलेल्या प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू,
त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

ट्रक भरणारे हात थांबवून बघतात.
“काय रे भो, पयाले लागला का?”
“पळत नाही,” म्हणतो, “विचारून बघतोय.”

पहिल्या खांबाशी काहीतरी टोचलं.
चौदा महिने तिथेच उभे राहिले माझ्यासोबत.
खाली बसलो, भीत भीत.
बुटात ज्वारीएवढा खडा.

झटकला.
दुसऱ्या खांबाच्या जरा पुढे,
पंपाच्या खोलीपर्यंत गेलो
आणि चालत परतलो.

मॅडमना दुसरा खांबच सांगायचा.