आकसाची पट्टी

चीड उभं कसं दिसतं, मला ठाऊक नाही.
आमच्या उद्यमनगरात ते आडवंच येतं,
परदेशी मशिनच्या खोक्याच्या फळ्या होऊन,
अंगावर काळा शिक्का, वाकडे खिळे,
आणि रंधा मारला की राळेचा वास
दिवसभर हाताला, भाकरीला, बिडीलासुद्धा.

हिंदुराव मेस्त्री म्हणायचे,
"सरळ झाड हाय. गाठ कुठं हाय ते आधीच सांगतंय."
त्याच लाकडाचे त्यांनी पॅटर्न केले,
पंपाच्या केसिंगा, चरकाचे दाते,
पुढं बंदच पडलेल्या एका इंजिनाचं डोकं.
जेवायच्या सुट्टीत एकदा
मी एका फळीवरच्या रेघा मोजल्या.
त्रेसष्ट. मग भोंगा झाला.

अळंब्याला रेघा नसतात.
यंदा माळ्यावरचा पत्रा गळला
आणि खालच्या रांगेला कान उगवले,
पातळ, पांढरट, कडेला तपकिरी,
फौंड्रीचा आवाज ऐकत बसल्यागत.

आई फणसावरचं अळंबं सहाणेवर उगाळून
आमच्या हिरड्यांना लावायची.
तसलंच असेल म्हणून बोट लावलं,
तर बोट केसिंगच्या आत गेलं.
लाकूड चौकोनी चौकोनी तडकलेलं,
चुलीतल्या कोळशागत, पण गार.
राळेचा वास कुठंच नाही.

त्रेसष्ट वर्षं कुठल्या तरी थंडीत
उजेडाकडं मान करून साठवलेलं,
आणि हे अंधारात, कुणाला न विचारता,
पान नाही, मूळ नाही, घाई तर नाहीच नाही.

मालकांचा पोरगा म्हणाला, जाळून टाका.

पण पॅटर्न तरी काय करतो?
वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा,
मागं पोकळी राहिली की झालं.
लोखंड तिच्यात ओततात.
पंपाबरोबर लाकूड कुणाच्या शेतात जात नाही.

मी मेस्त्रींची आकसाची पट्टी काढली,
लोखंड गार होताना आकसतं म्हणून
जिचा फूट फुटाला एक सूत मोठा असतो.
केसिंगला लावली.
काठ एक सूत आत.
मेस्त्री लोखंडासाठी जेवढं जास्त ठेवायचे
तेवढंच नेलेलं, अजून तरी.

बाकीचे पॅटर्न उन्हात मांडले.
हा तसाच ठेवला,
गळतीखाली,
पट्टी शेजारी.