वायच

सोसायटीच्या बर्फ कारखान्यावरची खोली, सर्जेकोट.
खालून अमोनियाचा वास, वर आम्ही:
अकरा म्हाताऱ्या, चार म्हातारे,
आणि त्यांना दंडाला धरून जिना चढवणाऱ्या बायका,
कुणी सून, कुणी लेक,
कुणी माझ्यासारखी, महिन्याच्या पगारावर.

पुण्याहून आलेल्या निरंजनने चादर ओढली.
खाली पांढरं काहीतरी, छातीएवढं, चाकांवर.
"नमस्कार. मी आपला सोबती आहे."
उलट नमस्कार कुणी केला नाही.
जुवाटकर आजोबांनी तेवढं विचारलं,
"हो डिझेल किती खाता?"

भागीकाकी उठली, माझ्या खांद्यावर भार टाकून.
चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात टोपलीमागे बसलेली बाई.
अंगठ्याने त्याचा दंड दाबून बघितला,
सुरमई दाबतात तसा, खड्डा पडतो का ते.
मग कानामागची झाकणी उचलून आत डोकावली.
आत तांबडा दिवा लुकलुकत होता.
"कल्ले लाल आसत," ती म्हणाली,
"ताजो आसा. घेवया."

तीन महिने बिनपैशाचा, बघण्यापुरता.
निरंजनने मला बाजूला घेऊन पत्रक दिलं.
"ताई, हा तुमची जागा घेणार नाही. फक्त पाठीचं काम."
मी मान डोलवली.
ट्रॉलर आले तेव्हा रापणवाल्यांनाही
काहीसं असंच सांगितलेलं,
बाबा सांगायचे.

पाठीचं काम मात्र तो खरंच करतो.
खाटेवरून उचलतो, मोरीतल्या खुर्चीवर ठेवतो,
न धापता, न "आई गं" म्हणता.
मी उचलायचे तेव्हा काकी डोळे घट्ट मिटून घ्यायची.
त्याच्या हातात ती उघड्या डोळ्यांनी जाते, कौलं मोजत.
लाजायला समोर माणूस लागत असावं.
मी दाराशी उभी, पंचा हातात,
आणि हातांना काम नाही.

खाऱ्या वाऱ्याने त्याचे सांधे कुरकुरतात.
खोबरेल लावू नये, असं पत्रकात ठळक छापलंय.
काकीने लावलंच.
"माका लावतत, मग हेका कित्याक नको?"

बोलणं मात्र जुळेना.
"वायच पाणी दी रे."
"क्षमा करा. आपल्याला वाईट वाटतंय का?"
"वाईट नाय रे मेल्या! वायच! वायच!"
"आपल्याला खूप वाईट वाटतंय का?"
हसता हसता मला उचकी लागली.
पाणी मीच दिलं, आणि वायच मीही प्यायले.

मग आचऱ्याहून फोन आला.
काकीची धाकटी बहीण गेली, झोपेतच.
काकीने ऐकलं, फोन माझ्याकडे दिला,
बांगड्याचं तिखलं रोजच्याएवढं जेवली,
काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले.
मी विचारलं, गोळी घेतलीस?

रात्री मी चटईवर, दिवा घालवलेला.
खाटेवरून आवाज आला, "वायच लाईट ठेव रे."
"आपल्याला वाईट वाटतंय का?"

पंखा फिरत राहिला.
बंदरावर कुणाचं तरी इंजिन सुरू झालं, बंद पडलं,
पुन्हा सुरू झालं.

"व्हय," काकी म्हणाली.
"व्हय रे. बस हंय."

त्याला बसता येत नाही.
खाटेच्या उंचीला यायचं त्याचं एक बटण आहे,
तेवढा तो खाली आला, वीतभर.
ती काय काय बोलली ते सगळं मला ऐकू आलं नाही.
दोघी बहिणींनी मिळून चोरलेल्या कसल्याशा कैऱ्या,
एकच परकर, आळीपाळीने.
मी कूस बदलली नाही.
आठ वर्षं या घरात आहे मी.
जेवलीस, झोपलीस, पोट साफ झालं,
सगळं विचारते, रोज.

महिनाअखेरीस निरंजनचा फोन.
"ताई, त्याला न कळणारे शब्द लिहून पाठवा, पुढच्या वेळी शिकवून देतो."
मी वही घेतली. खंय. कित्याक. हंय.
झील. चेडू. आवस. गजाल.
काकी खाटेवरून सांगत होती, मी लिहीत होते,
सतरा झाले.
एक तिनेही सांगितला नाही.

"अजून काही?"
नाही, म्हटलं, एवढेच.
आणि त्याच्या चाकांतली वाळू काढायला बसले.