रकाना पाच

मार्चात नाथसागर उतरायला लागतो
आणि बेट गुडघ्यापर्यंत उघडं पडतं.
टेकडीच होती ती आधी. पायथ्याला गाव होतं,
आता शेवाळ आहे.
माझ्या आज्यानं, यल्लप्पा धोत्र्यानं,
तिच्या अंगातून पाटे काढले, जाती काढली,
पैठणच्या रस्त्याला मैलाचे दगड पुरवले.

तो हातोडीची एक टिचकी मारून कान लावायचा.
खणखणला तर घ्यायचा,
भद्द वाजला तर म्हणायचा, "कच्चा उतरलाय, राहू द्या."
दगडातली बुडबुड्यांची भोकं दाखवायचा :
"ह्ये शिजलेलं हाय, पोरा. उतू जाऊन थिजलेलं."
परवा विद्यापीठातले साहेब आले,
भिंग लावून तेच म्हणाले,
फक्त साडेसहा कोटी वर्षं जास्तीची सांगितली.

आता मी इथला पहारेकरी.
बेटावर हातोडी न्यायची नाही,
गारगोटीसुद्धा खिशात घालायची नाही.
वडाराच्या पोराला दगड राखायला ठेवलं!
ऑर्डर वाचून दाखवली तेव्हा
आई तोंडाला पदर लावून हसली होती.

होडी लावतो. मोजतो.
चक्रवाक अकरा, निघायच्या बेतात.
शेकाटे चाळीस. हलले. पुन्हा मोजले, सदतीस.
गेरूच्या पट्ट्याखाली
आज्याचं उखळ आहे, अर्धं.
चार बोटं कोरलेलं, टाकीचे घाव अजून मोजता येतील असे.
त्याच साली धरणाची नोटीस आली असणार,
नाहीतर तो काम अर्धं टाकून उठणारा नव्हता.

त्या खोलगटात नदीसुरयाची दोन अंडी.
दगडाच्याच रंगाची,
पाय पडला असता.
ऊन चढलं की मादी पाण्याला पोट टेकवून येते
आणि ओल्या पिसांनी बसते वर.
दगड तापतो ना. जुनी सवय त्याची.
काठावरून शिटेचे ओघळ :
उखळ पांढरं होणं म्हणतात ते
आमच्या घराण्यात बहुतेक एवढंच.

वहीत रकाना चार : नैसर्गिक वारसा.
रकाना पाच : सांस्कृतिक.
पेन उघडून उकिडवा बसलो,
पायाला मुंग्या आल्या.
शेवटी शेऱ्यात लिहिलं :
"उखळ वापरात आहे."

महिनाअखेरीला वही परत आली.
खाली लाल पेनानं साहेबांचं : "कोणाच्या?"

उत्तर दिलेलं नाही अजून.
सकाळी जाऊन लांबूनच बघून आलो,
दोन्ही आहेत.