दिवसातून तीनदा

बांबोळीच्या डॉक्टरणीने कागदावर नाक काढलं.
दोन भिंती, मधे बोळ,
आणि बोळात पेनाची आडवी रेघ:
इथे पुन्हा चिकटलंय.
‘पुन्हा’ ती हळूच म्हणाली,
तरी तू खाली बघितलंस.

गेल्या वेळी मार्च होता.
आगरवाड्यात मीठ धरलं होतं, ओढायला माणसं नव्हती.
नाक आतून साफ करायला दोनदा यायचं, असं तिने बजावलेलं.
तू एकदाही गेला नाहीस.
पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, मग बांबोळी,
एवढ्यासाठी मिठावरचा दिवस कोण मोडतो?
नाकाने मात्र एकही दिवस मोडला नाही.
एक सोललेली भिंत दुसरीला टेकली
आणि दोघींनी मिळून एकच कातडं विणलं.

मी विचारलं, जखम भरली तर वाईट काय त्यात?
डॉक्टर इनासिया हसली नाही.
भरू दे की, म्हणाली, पण आपापली.

आता आत सिलिकॉनचे दोन पातळ पत्रे,
टाक्याने धरलेले, पंधरा दिवस.
नाकात कुणी दार लावून गेलंय, तू कुरकुरतोस.
दार नाही रे, मेर आहे.
मेर तुला समजते.
पावसाने खाल्लेली मेर दरवर्षी
चिखल तुडवून, टाचेने थापून तूच घालतोस,
आणि कधी म्हणत नाहीस, परत कशाला.

उकळून निवलेलं पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर सोडा.
घरचं मीठ नको, ती म्हणाली, त्यात माती असते,
पाकिटातलं घ्या.
त्या रात्री तू जेवला नाहीस.
तीस वर्षं मीठ ओढणारा माणूस
सकाळी पैसे मोजून मीठ घेऊन आला,
मोरीवर वाकला, आ वासून,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर.
मी बॅटरी धरून उभी.
कॅलेंडरवर दिवसाला तीन टिंबं,
एकादशीच्या चौकोनात जागा पुरत नाही.

घोरणं सोसेना म्हणून आठ वर्षं मी पडवीत झोपते.
हल्ली मधेच उठून दाराशी येते,
तोंड मिटलेलं आहे का बघायला.

पत्रे काढले तेव्हा तू माझं मनगट धरलंस,
बांगडीचा वळ अजून आहे.
उजवीकडे मोकळं.
डावीकडे एक तंतू, कोळ्याच्या धाग्याएवढा.
तिने खुर्चीतच कापला, औषधाची पट्टी सरकवली.
पुढच्या मंगळवारी या. त्याच्या पुढच्याही.
तू स्वतःहून विचारलंस: आणि त्याच्या पुढच्या?

म्हापशाला बस बदलताना
सुक्या सुंगटांच्या टोपल्यांपाशी तू थांबलास.
वास येतोय का, मी विचारलं नाही.
बाई म्हणाली, घे रे, खारं चांगलं आहे.
तू वाकलास, उगाच जरा जास्त वेळ,
आणि भाव न करता पाव किलो घेतलंस.