तळातला थेंब

आवाज फार मोठा नव्हता.
सुपारी फुटावी तेवढाच.

बोल्टच्या भोकात, तळाशी, थेंबभर तेल राहिलं होतं.
आधी पुसायचं असतं हे मला ठाऊक होतं;
तरी पान्याला पाइप जोडून
अर्धा वेढा आणखी दिला.
तेल दबत नाही.
मग केसिंगलाच वाट द्यावी लागली.

राजदूत मेहुण्याची. मेहुणा कुवेतला.

कुडचड्याला स्टेशनामागे मिनीनचं वेल्डिंग,
एकेकाळी खाणीवरच्या ट्रकांना टाके घालायचा.
केसिंग उन्हात धरून म्हणाला, "कोणें केलें हें?"
"एका मेकॅनिकनं."
"घरच्या?"

त्यानं चीर आधी वाढवलीच, कानशीनं, खोल.
मग जिथे ती केसासारखी विरत होती
तिथे, अगदी टोकाला, बारीक ड्रिल मारलं.
"आतां हांगाच रावतली."
फुटलेल्याला थांबवायला
आणखी एक भोक.

कपड्यांचा साबण घासला वरून.
साबण काळा पडला म्हणजे ॲल्युमिनियम तापलं,
दुसरं माप त्याच्याकडे नाही.
तापलं तसं आत मुरलेलं तेल
घामासारखं वर आलं.
त्यानं पुसलं. पुन्हा आलं. पुसलं.
चौथ्या वेळी चिंधी माझ्या हातात दिली.
"तूं पूस."

सांधा जाड आलाय, गांडुळासारखा,
गियरच्या बाजूला.
बसणाऱ्याला दिसत नाही.

तरी रात्री फोटो काढून कुवेतला पाठवला.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
अजून उत्तर नाही.